कालवा चालवणाऱ्याची परीक्षा

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांत एक ठरावीक संभाषण सुरू होते. गुण किती, शाखा कोणती, महाविद्यालय पुण्याचे की जळगावचे, शुल्क किती, वसतिगृहाची सोय कशी. व्यापारी घरातील माणसे हिशेबाला चोख. चार वर्षांचा खर्च आणि पुढे मिळणारे वेतन यांचा ताळा ती बरोबर मांडतात. एक प्रश्न मात्र या संभाषणात सहसा निघत नाही. अभियंता झालेल्या या मुलावर पहिल्या दिवशी नेमके कोणते काम विश्वासाने सोपवता येईल? दुकानात नवा मुनीम ठेवताना आपण त्याचे शिक्षण विचारतो, पण पहिले काही महिने तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाही. त्याचे अक्षर, त्याची बेरीज, गिऱ्हाइकाशी त्याचे बोलणे हे सारे डोळ्यांखालून गेल्यावरच एकेक जबाबदारी त्याच्याकडे जाते. म्हणजे पदवी वेगळी आणि पात्रता वेगळी, हे पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अभियंत्याच्या बाबतीत मात्र आपण आणि आपले शासन दोघेही हा भेद सोयीस्करपणे विसरतो.

शिक्षणशास्त्रात या भेदाला धरून उभ्या राहिलेल्या रचनेला क्षमताधिष्ठित प्रशिक्षण म्हणतात. शब्द जड आहे, परंतु अपरिचित नाही. १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमापासून आपल्या शाळांतील गुरुजींच्या तोंडी तो होताच. त्यातील कल्पना अशी की, अभ्यासक्रम पुस्तकापासून सुरू न करता कामापासून सुरू करावा. प्रथम ते काम करणारा कुशल माणूस दिवसभर काय करतो, कोणते निर्णय घेतो, कोठे चुकल्यास नुकसान होते, हे बारकाईने पाहावे. त्यातून आवश्यक क्षमता ठरवाव्यात. मग शिकवावे, आणि शेवटी ती क्षमता प्रत्यक्ष कामात दिसली तरच प्रमाणपत्र द्यावे. किती तास वर्गात बसला, हा प्रश्न येथे गौण ठरतो.

आपल्या कायद्यांनी हे तत्त्व काही ठिकाणी पूर्वीच मान्य केले आहे. ज्यांच्या घरी तेलघाणीचा किंवा प्रक्रियेचा कारखाना आहे, त्यांना ठाऊक असेल की बाष्पक चालवणाऱ्याला स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. विजेची जोडणी करणाऱ्या तारतंत्र्याला परवाना लागतो. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये १९८७ साली ‘सक्षम व्यक्ती’ ही व्याख्या घालण्यात आली. दाबपात्र, उद्वाहक, उचलयंत्रे यांची तपासणी कोणाही अभियंत्याने करून चालत नाही. त्या विशिष्ट तपासणीचे शिक्षण, अनुभव आणि लागणारी उपकरणे पाहून मुख्य निरीक्षकाने ज्याला मान्यता दिली, त्यानेच ती करावयाची. तेलगिरणीतील एका बाष्पकासाठी एवढा काटेकोरपणा आहे. पण ज्याच्या हाताने हजारो एकरांचे पाणी कमीजास्त होते, त्या कालव्यावरील अभियंत्यासाठी असे काय आहे?

हा प्रश्न भडगावकरांनी विचारणे अगदी स्वाभाविक आहे. आपला तालुका गिरणेच्या काठावर आहे. वर नांदगाव तालुक्यात पांझणजवळ १९६९ साली गिरणा धरण पुरे झाले. त्याच्याही आधी, ब्रिटिश अमदानीत, चाळीसगाव तालुक्यातील जामदा येथे बंधारा बांधून कालवे काढलेले होते. आज पांझण डावा, जामदा डावा आणि उजवा, आणि खाली दहिगाव बंधाऱ्यावरून निघणारा निम्न गिरणा अशा कालव्यांनी हे पाणी चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल या भागांत खेळते. धरण किती टक्के भरले याची बातमी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे पाहुण्यांच्या खुशालीइतक्याच आस्थेने वाचली जाते. कापूस, केळी, लिंबू, गहू, हरभरा यांपैकी ज्याला पाणी मिळाले तो शेतकरी दिवाळीनंतर आपल्या दुकानाची पायरी चढतो. ज्याला मिळाले नाही तो चढलाच तर उधारीसाठी. म्हणून कालवा कोण चालवतो आणि कसा चालवतो, ही बाब केवळ पाटबंधारे खात्याची उरत नाही.

कालवा चालवणे म्हणजे वरून दार उघडायचे आणि पाणी उतारावर जाऊ द्यायचे, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात अभियंत्याचे कौशल्य ते काय, असे कोणी विचारील. एक सोपा हिशेब मांडून पाहू. समजा, एका वितरिकेवर दहा चाऱ्या आहेत आणि शंभर भाग पाण्यातून प्रत्येकीने दहा भाग घ्यावेत अशी योजना आहे. चारीचे तोंड नळाचे असेल तर त्यातून जाणारे पाणी वरच्या पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. वितरिकेतील प्रवाह दहा टक्क्यांनी घटला, तर पाण्याची खोली साधारण सहा टक्क्यांनी उतरते आणि नळातून जाणारे पाणी जेमतेम तीन टक्क्यांनी कमी होते. पहिल्या नऊ चाऱ्यांनी आपल्या दहा भागांपैकी ९.७ भाग ओढून घेतले, तर नव्वद भागांतून ८७.३ संपले. शेवटच्या चारीला दहाऐवजी २.७ भाग उरले. हा हिशेब ढोबळ आहे. पुढे पुढे पातळी आणखी उतरत असल्यामुळे तूट शेवटच्या चारीच्या अलीकडेही थोडी वाटली जाते, आणि पाझरामुळे होणारा वहनव्यय यात धरलेलाच नाही. तथापि कल हाच. वरच्या शेतकऱ्याने कसलीही चोरी केलेली नाही, कोणी दार तोडलेले नाही, कोणी मोटार टाकलेली नाही. आणि तरीही दहा टक्क्यांची तूट जवळजवळ सगळी शेवटच्या माणसाच्या शेतात जाऊन बसते.

हे ज्याला कळले आहे तो अभियंता पाणी कमी पडताच सगळ्या चाऱ्या एकदम चालू ठेवत नाही. तो त्यांचे गट पाडतो, काही पूर्ण बंद ठेवतो, उरलेल्यांना पूर्ण दाबाने देतो, आणि दिवस ठरवून आळीपाळीने फिरवतो. आपल्याकडची शेजपाळी याच शहाणपणावर उभी आहे. तीत पाणी शेवटाकडून सुरुवातीकडे देत यावयाचे असते. कागदावर ती अजूनही आहे. प्रत्यक्षात ती पाळायची तर पाणी कालव्याच्या मुखापासून टोकापर्यंत पोहोचायला किती तास लागतात, रात्री कोणती चारी कोणी उघडतो, नमुना सातचे अर्ज कोणाचे आले आणि कोणाचे आले नाहीत, हे सारे डोक्यात असावे लागते. मोजमापाचेही तसेच. कालव्यावरील मोजणीच्या फ्ल्यूममध्ये पाणी उंचीच्या दीडाव्या घातांकाने बदलते. उंची वाचताना दहा टक्के कमी वाचली, तर पाण्याचा आकडा जवळजवळ पंधरा टक्क्यांनी चुकतो. पट्टीवर शेवाळ चढलेले असेल, खाली गाळ साचून पाणी तुंबत असेल, तर ते यंत्र खोटे बोलू लागते, आणि ते खोटे बोलत आहे हे ओळखायला पदवीपेक्षा सवय लागते.

कालवा बंद करतानाही पारख लागते. काळ्या मातीच्या भरावात पाणी मुरलेले असते. कालव्याची पातळी घाईने खाली आणली तर आतील पाण्याचा दाब बाहेर ढकलतो आणि भराव ढासळतो. किती तासांत किती पातळी उतरवायची हे त्या त्या कालव्याच्या मातीवर ठरते. महाविद्यालयात मृदायांत्रिकीच्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहून गुण मिळवलेला विद्यार्थी रात्री दोन वाजता, वरून तातडीचा दूरध्वनी आलेला असताना, ते वाक्य आठवील की नाही, हे उत्तरपत्रिका सांगू शकत नाही.

मौजेची गोष्ट अशी की, या देशातील अभियांत्रिकी शिक्षणाचा जन्मच मुळी कालव्याच्या कामातून झाला. रुरकीचे महाविद्यालय १८४७ साली सुरू झाले ते गंगेच्या कालव्याला माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली निघालेला अभियांत्रिकीचा वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडवण्याकरिता होता. काम समोर होते, त्यासाठी शाळा निघाली. पुढे शाळा मोठी झाली आणि काम दूर गेले.

पुण्याच्याच त्या संस्थेतून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले आणि लवकरच खानदेशात आले. त्यांचे आरंभीचे एक काम होते पांझरा खोऱ्यात, दातर्ती येथे: एका ओढ्याखालून नळांचा सायफन नेऊन पाटाचे पाणी पलीकडे पोहोचवायचे. पावसाने ओढ्याला पाणी येऊ लागले, काम अडले, तेव्हा पावसाळ्यानंतर ते हाती घ्यावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांनी खात्याच्या शिस्तीची आठवण करून दिली. तरुण अभियंत्याने पुन्हा विचार केला आणि ते काम पाण्यापावसात तडीस नेले. हा प्रसंग त्यांनी वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत स्वतःच नोंदवला आहे. चरित्रकार यातून जिद्दीचा पाठ काढतात. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. एवढे गुण मिळवून आलेल्या पदवीधरालाही खात्याने लगेच पूर्ण तयार समजले नाही. त्याच्यावर लहान पण अवघड काम सोपवले, वरिष्ठाने लांबून लक्ष ठेवले, त्याचा अंदाज चुकीचा वाटला तेव्हा तसे लिहून कळवले, आणि काम पुरे झाल्यावर त्याच्याविषयी मत बनवले. त्या काळी अशा नवागतांना खात्याची परीक्षा आणि स्थानिक भाषेची परीक्षाही द्यावी लागे. ज्या शेतकऱ्याशी पाण्याबद्दल बोलायचे त्याची भाषा येणे ही अभियंत्याची क्षमता आहे, असे परक्या सरकारलाही वाटत होते.

पांझरेच्या काठी तेव्हा आणखी एक विद्यापीठ चालू होते, त्याला इमारत नव्हती. ते म्हणजे फड पद्धत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर शेतकऱ्यांनी शतकानुशतके लहान लहान बंधारे चालवले. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, प्रत्येक फडात एकच पीक घ्यायचे आणि वर्षागणिक पिके फिरवायची. पाटाची राखण जागल्याने करायची, पाणी देण्याचे काम पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतः चारीचे तोंड उघडायचे नाही. पाटकऱ्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, पण त्याची नेमणूक आणि त्याचा मोबदला लाभधारकांच्या हाती होता. शेवटचे वावर कोरडे राहिले तर त्याची परीक्षा तिथल्या तिथे होत असे. पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर जी ‘ब्लॉक’ पद्धत आणली, तिच्यातील क्षेत्रवाटप आणि पिकांची फेरपालट यांचे फडाशी असलेले साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

फडाचे गुणगान करून आजचा प्रश्न सुटत नाही, हेही स्पष्ट बोलावे. बंधाऱ्याखाली काहीशे एकर जमीन असे आणि सगळे एकमेकांना ओळखत. गिरणेचा कालवा अनेक तालुक्यांतून जातो. त्याच्या मुखाजवळचा शेतकरी आणि टोकाचा शेतकरी एकमेकांना कधी पाहतही नाहीत. ओळखीच्या जागी तेथे मोजमाप यावे लागते, आणि गावाच्या नजरेच्या जागी कोणत्या तरी स्वरूपातील प्रमाणपत्र.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात महाराष्ट्राने धरणे बांधण्यात मोठे कर्तृत्व दाखवले. त्या कामात अभियंत्यांच्या दोन पिढ्या घडल्या. संकल्पचित्रे, पाया, काँक्रीट, निविदा यांत त्या वाकबगार झाल्या. बांधून झालेली व्यवस्था चालवणे हे मात्र वेगळे शास्त्र आहे, याची जाणीव उशिरा झाली. त्या जाणिवेतून १९८० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जल व भूमी व्यवस्थापन संस्था उभी राहिली. आपल्याकडे ती ‘वाल्मी’ या नावाने ओळखली जाते. तेथे स्थापत्य अभियंत्याच्या शेजारी कृषिशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राचा जाणकार अध्यापक म्हणून बसला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पिकाला पाणी कधी लागते हे काँक्रीटच्या माणसाने कृषिशास्त्रज्ञाकडून ऐकले. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी, म्हणजे ‘मेटा’, जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देते. संस्था नाहीत असे नाही, आणि तेथे शिकवणाऱ्यांच्या तळमळीविषयीही शंका नाही. उणीव पुढच्या टप्प्याची आहे. प्रशिक्षणाला गेलेला अभियंता हजेरीचे प्रमाणपत्र घेऊन परत येतो. त्याला काय करता येऊ लागले, याची तपासणी त्याच्या कालव्यावर जाऊन कोणी करीत नाही. नोकरीत द्यावी लागणारी व्यावसायिक परीक्षा आहे. पण ती लेखा, नियमपुस्तिका आणि कार्यपद्धती यांच्याभोवती फिरते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ प्रमाणे कालवा अधिकाऱ्याचे अधिकार पदाबरोबर येतात. पद मिळाले की अधिकार आले. क्षमता आली की नाही, हे विचारण्याची जागा त्या साखळीत कोठेच नाही.

महाविद्यालयांच्या पातळीवर काही हालचाल झाली आहे. भारत १३ जून २०१४ रोजी वॉशिंग्टन करार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने पदवीधराला काय यायला हवे याच्या बारा अपेक्षा महाविद्यालयांपुढे ठेवल्या. ज्यांची मुले अभियांत्रिकीला आहेत त्यांनी वहीच्या आरंभी छापलेली ‘निष्पत्तीं’ची यादी पाहिली असेल. ही दिशा योग्य आहे. पण पुष्कळ ठिकाणी त्याचे कोष्टक झाले. प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नासमोर निष्पत्तीचा क्रमांक लिहायचा, शेवटी टक्केवारी काढायची, आणि मूल्यांकन समिती आली की फाइल पुढे करायची. प्राध्यापकांचा वेळ कोष्टकात जातो. इंग्लंडमध्येही १९८६ नंतर क्षमताधिष्ठित व्यावसायिक पात्रता सुरू झाल्या, तेव्हा कामाचे इतके बारीक तुकडे पाडले गेले की चौकटीत खुणा करणे हेच मुख्य काम होऊन बसले, अशी टीका झाली. क्षमता तुकड्यांत पाहिली की ती मरते. फ्ल्यूम वाचता येणे, अर्ज तपासता येणे, दार हलवता येणे या तीन खुणा झाल्या म्हणजे आवर्तन चालवता आले असे होत नाही.

मग योग्य रचना कशी असावी? त्याचा एक नमुना आपल्या तालुक्यातूनच दिवसरात्र धावतो. मुंबई-भुसावळ मुख्य लोहमार्गावरचे कजगाव स्थानक भडगाव तालुक्यात आहे. त्या मार्गावरून गाडी नेणारा चालक केवळ गाडी चालवण्यात उत्तीर्ण असून भागत नाही. त्या विशिष्ट खंडावरील सिग्नल, चढउतार, वळणे त्याने आधी अनुभवी चालकाबरोबर फेऱ्या करून शिकावी लागतात आणि आपल्याला हा मार्ग माहीत आहे असे सही करून द्यावे लागते. तीन महिन्यांहून अधिक काळ तो त्या खंडावर आला नसेल तर पुन्हा शिकाऊ फेरी करावी लागते. खंड जितका मोठा, तितक्या फेऱ्या अधिक. चालकाची जुनी सेवा किंवा ज्येष्ठता येथे उपयोगी पडत नाही. या नियमात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पात्रता विशिष्ट जागेपुरती आहे. ती कामातच सिद्ध करायची आहे. आणि वापरली नाही तर ती जाते. आपल्या पदव्या मात्र आजन्म असतात, आणि साऱ्या भूगोलाला लागू असतात.

हीच दृष्टी जामदा किंवा पांझणच्या कालव्यावर आणली तर काय होईल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. शाखा अभियंत्याची परीक्षा एका दिवसाची असू नये, एका पूर्ण आवर्तनाची असावी. रब्बीचे पहिले आवर्तन त्याने अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली पाहावे, दुसरे त्याच्या देखरेखीखाली स्वतः चालवावे, तिसऱ्यात त्याची परीक्षा व्हावी. परीक्षेचा मुख्य पुरावा एकच असावा: मुखाशी मोजलेले पाणी आणि टोकाशी मोजलेले पाणी यांची रोजची नोंद, आणि तूट पडली तेव्हा त्याने काय निर्णय घेतला व का घेतला, याचे त्याच्याच शब्दांतील टिपण. मधल्या काळात एखादी चारी फुटेल, एखादा गावकरी तावातावाने कार्यालयात येईल, वीज नसल्याने कोणाची मोटार बंद पडून पाणी अंगावर येईल. असे प्रसंग मुद्दाम योजावे लागत नाहीत, ते येतातच. त्यांना तो कसा सामोरा गेला, हे परीक्षकाने पाहावे.

परीक्षक कोण, यावर मात्र तडजोड नसावी. ज्याने शिकवले त्यानेच उत्तीर्ण केले तर ती शिफारस झाली. दुसऱ्या विभागातील ज्येष्ठ अभियंता, वाल्मीतील एक अध्यापक, आणि कालव्याच्या शेवटच्या भागातील पाणीवापर संस्थेचा एक प्रतिनिधी, अशी तिघांची मंडळी असावी. शेतकऱ्याला अभियंत्याचा परीक्षक करायचे, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ प्रमाणे पाणीवापर संस्थेला पाणी घनमापनाने, मोजून द्यायचे आहे. ज्याला मोजून माल घ्यायचा आहे, त्याने तराजू पाहू नये असे कोणत्या बाजारपेठेत चालते? प्रतिनिधीने हिशेबाच्या सूत्रांवर गुण देऊ नयेत. त्याला एवढेच विचारावे की ठरलेल्या दिवशी पाणी आले का, आले नाही तेव्हा आधी कळवले गेले का, आणि या अधिकाऱ्याने दिलेला आकडा आपल्या पट्टीशी जुळला का.

वरच्या पदांसाठी क्षमता बदलतील. कार्यकारी अभियंत्याला चारीचे दार हलवावे लागत नाही; त्याला १५ ऑक्टोबरचा साठा पाहून वर्षाचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम बांधावा लागतो. पिण्याचे पाणी राखून, बाष्पीभवन वजा करून, किती आवर्तने देता येतील हे कालवा सल्लागार समितीपुढे मांडावे लागते आणि मंडळी अधिक मागत असताना ‘एवढेच’ असे म्हणावे लागते. त्याची तपासणी मागील पाच वर्षांच्या खऱ्या आकड्यांवर करता येईल. कागद झाकून त्याला दुष्काळी वर्षाचा साठा द्यावा आणि कार्यक्रम बांधायला सांगावे; मग त्या वर्षी उन्हाळ्यात प्रत्यक्ष काय झाले ते उलगडून दाखवावे. वैमानिकाला कृत्रिम कक्षात वादळ दाखवतात, त्यातलाच हा प्रकार. खर्च एका शिबिराएवढाही येणार नाही.

या साऱ्याला सर्वांत मोठी अडचण प्रशिक्षणाची नाही, बदलीची आहे. बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. मनमानी बदल्यांना आळा घालणारा तो चांगला कायदा आहे. पण कालव्याच्या दृष्टीने तीन वर्षे म्हणजे फक्त तीन रब्बी हंगाम. पहिला शिकण्यात गेला, एखादे वर्ष धरणच भरले नाही, आणि पाझर कोठे आहे, गाळ कोठे साचतो, कोणती चारी रात्री आपोआप उघडते हे ज्याला कळले तो नेमका तेव्हा निघाला. नव्याने आलेल्याला पुन्हा पहिल्यापासून. निदान जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक आवर्तन चालवून मगच कार्यभार सोडावा, एवढा नियम तरी रेल्वेकडून घेता येण्याजोगा आहे. आज कार्यभार हस्तांतरण होते ते कपाटाच्या किल्ल्यांचे आणि फाइलींचे.

अभियंत्यांचा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणतात, आम्हाला सारे येते. पण कालवा निरीक्षकांची, मोजणीदारांची पदे रिकामी, मोजणीची साधने तुटलेली, आणि वरून दार उघडण्याचा निरोप येतो तेव्हा आमच्या क्षमतेला विचारतो कोण? पदे रिकामी ठेवून क्षमता मोजणे ही थट्टा ठरेल, हे मान्य. कारखाने अधिनियमाने सक्षम व्यक्तीला मान्यता देताना तिच्याजवळची उपकरणेही पाहिली, ती यासाठीच. कालव्याच्या प्रमाणपत्रातही ते लिहावे: अमुक अधिकारी, अमुक कालव्यावर, एवढे मनुष्यबळ आणि एवढी चालू मोजणीयंत्रे असताना सक्षम आहे. साधने काढून घेतली की प्रमाणपत्र स्थगित, आणि ते स्थगित झाल्याची जबाबदारी साधने न पुरवणाऱ्यावर. दबावाचे म्हणाल तर कोणतेही प्रमाणपत्र त्यावर रामबाण नाही. इतकेच की ज्याच्याजवळ मुखाची आणि टोकाची रोजची मोजणी आहे, तो निरोप आणणाऱ्याला पाणी कोणाच्या वाट्याचे जाणार आहे ते नावानिशी दाखवू शकतो. ज्याच्याजवळ मोजणी नाही, त्याला मान हलवण्यावाचून गत्यंतर नसते.

शिकवणी वर्गांविषयीही दोन शब्द. कोणतीही परीक्षा निघाली की तिच्यामागे शिकवणी वर्ग निघतात, हे आपण पाहतो. पण तीन आवर्तने कालव्यावर काढण्याची शिकवणी कोणत्या वर्गात देणार? लेखी परीक्षेचे प्रश्न विकत मिळतात. टोकाच्या चारीत पाणी आल्याची नोंद विकत घेतली, तर ती कोरड्या वावराला फार काळ फसवू शकत नाही.

आपल्या समाजातील जी मुले अभियंता होऊन शासकीय सेवेच्या स्पर्धा परीक्षांना बसतात, त्यांच्या पालकांनी या दृष्टीने एक साधी गोष्ट करून पाहावी. निवड झाल्यावर आणि रुजू होण्याच्या आधी जे आठवडे मिळतात, त्यांत मुलाला एकदा आवर्तन सुरू असताना कालव्याच्या कडेने टोकापर्यंत चालत पाठवावे. रब्बीचे आवर्तन असेल तर उत्तमच. दर चारीपाशी पातळी लिहून घ्यावी, किती पाणी घ्यायचे ठरले होते ते विचारावे, आणि शेवटच्या चारीवर ज्याची पाळी असेल त्याच्याजवळ पाणी येईपर्यंत बसून राहावे. वहीत पडणारे ते आकडे पुढे खात्यात रुजू झाल्यावर, पहिल्या आवर्तनाच्या आदल्या दिवशी, त्याला पुन्हा काढून पाहता येतील.